टेकडी राखणे आणि टेकडीचे दृश्य राखणे

पुण्यात ‘टेकडी वाचली पाहिजे’ असे कोणी म्हणते तेव्हा त्याच्या मनात बहुधा दोन अपेक्षा एकत्र नांदत असतात. टेकडीवर इमारती चढू नयेत ही एक आणि शहरात वावरताना टेकडी डोळ्यांना दिसत राहावी ही दुसरी. पहिली पुरी झाली की दुसरी ओघानेच पुरी होईल, असे आपण धरून चालतो. नगररचनेच्या दृष्टीने मात्र ही दोन निराळी कामे आहेत. त्यांचे नियम निराळे आहेत, नकाशावर उमटणारे त्यांचे आकारही निराळे आहेत, आणि त्यांपैकी एक काम पूर्ण यशस्वी होऊनही दुसरे साफ फसू शकते.

टेकडी राखण्याचे काम जमिनीपासून सुरू होते. महाराष्ट्रातील विकास नियंत्रण नियमांमध्ये डोंगरमाथा आणि डोंगरउतार यांचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे, आणि ज्या जमिनीचा उतार एकास पाच किंवा त्याहून तीव्र आहे तिच्यावरील बांधकामाला आडकाठी आहे. 1997 साली पुणे महापालिकेच्या हद्दीत जी गावे आली, त्यांपैकी 23 गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर ‘जैवविविधता उद्यान’ असे आरक्षण टाकण्यात आले. त्यालाच आपण बोलताना बीडीपी म्हणतो. हे नियम विचारतात ते प्रश्न जमिनीचे असतात: उतार किती, सर्व्हे नंबर कोणता, मालक कोण, त्याला मोबदला कसा द्यायचा. ही टेकडी कोठून दिसते, हा प्रश्न त्यांत कोठेही येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही, कारण पाणी मुरणे, माती धरून ठेवणे, पाखरांना आसरा देणे ही टेकडीची कामे कोणी तिच्याकडे पाहो अथवा न पाहो, चालूच राहतात.

दृश्य राखण्याचे काम याच्या नेमके उलट टोकापासून, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून सुरू होते. कोणत्या तरी ठरावीक जागी माणूस उभा असतो, त्याच्या डोळ्यापासून टेकडीच्या दोन्ही कडांपर्यंत रेषा निघतात, आणि त्या रेषांमध्ये जो पाचरीसारखा निमुळता पट्टा तयार होतो, तो मोकळा ठेवावा लागतो. हा पट्टा टेकडीवरून जात नाही, तर तिच्यापासून कोसभर दूर असलेल्या, तिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांच्या घरांवरून जातो. टेकडीवरचे बंधन टेकडीच्या जमीनमालकाला जाचते आणि दृश्याचे बंधन भलत्याच पेठेतील, भलत्याच रस्त्यावरील जमीनमालकाला. हा फरक ध्यानात आला की दुसऱ्या प्रकारचे नियम जगात इतके थोडे का आहेत, तेही समजते.

थोडा हिशेब केला तर हे अधिक स्पष्ट होईल. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर आहे आणि शहराची सरासरी पातळी साधारण 560 मीटर, म्हणजे शहरापेक्षा टेकडी अंदाजे 240 मीटर उंच. चार किलोमीटरांवरून पाहणाऱ्याला ती क्षितिजाच्या वर जेवढी दिसते, तेवढी उंची 500 मीटरांवरील 30 मीटरांची इमारत पूर्ण झाकू शकते. पाहणाऱ्यापासून 100 मीटरांवर तर सहा-सात मीटर, म्हणजे साधे दुमजली घर त्यासाठी पुरते. उलट टेकडीच्या पायथ्याशी शंभर मीटरांचा मनोरा उभा राहिला तरी त्या अंतरावरून टेकडीचा वरचा निम्म्याहून अधिक भाग मोकळाच राहतो. पर्वतीसारख्या बुटक्या टेकडीच्या बाबतीत हे गणित आणखी कठोर होते. तिची शहरापासूनची उंची 80 मीटरांच्या आसपास धरली, तर दोन किलोमीटरांवरून पाहणाऱ्याच्या समोर अर्ध्या किलोमीटरावरील सहा-सात मजले तिला मंदिरासकट गिळून टाकतात. दृश्याचा खरा शत्रू दूरचा उत्तुंग मनोरा नसून जवळची मध्यम उंचीची, सर्व नियम पाळून बांधलेली इमारत असते. वर्तमानपत्रांतील वादात मात्र नेहमी मनोराच सापडतो, कारण तो नजरेत भरतो.

टेकडीच्या कड्याची आकाशावर उमटणारी रेषा, जिला मराठीत नभरेषा म्हणतात आणि व्यवहारात आपण स्कायलाइन म्हणतो, तिच्याबाबत मात्र हिशेब फिरतो. कड्यावर दहा मीटरांचे टाकी किंवा खांबासारखे बांधकाम झाले, तर चार किलोमीटरांवरून ते चंद्रबिंबाच्या साधारण पावपट एवढेच दिसते. तरीही डोळा नेमका तेथेच अडकतो, कारण त्याच्यामागे आकाशाचा उजेड असतो. तेच बांधकाम कड्याच्या थोडे खाली, झाडीच्या पार्श्वभूमीवर असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. म्हणजे नभरेषेपुरते पाहिले तर टेकडी राखणे आणि दृश्य राखणे ही कामे एकमेकांना येऊन मिळतात.

दोन्ही कामे जाणीवपूर्वक, आणि स्वतंत्रपणे, करणारे शहर म्हणून कॅनडातील माँट्रियलचे उदाहरण मला सर्वांत उद्बोधक वाटते. शहराच्या मधोमध मों रॉयाल ही टेकडी आहे. तिचे सर्वोच्च शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे 233 मीटर आहे, म्हणजे आपल्याकडे तिला कोणी डोंगर म्हणणार नाही. तिच्यावरील उद्यान फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी आखले आणि ते 1876 साली लोकांसाठी खुले झाले. हे झाले टेकडी राखणे. पण पुढे शंभर वर्षांत पायथ्याच्या व्यापारी भागात मनोरे उभे राहू लागले, तेव्हा उद्यानाच्या मालकीचा कागद त्यांच्यापुढे काहीच कामाचा नव्हता. म्हणून 1992 च्या नगररचना आराखड्यापासून तेथे असा नियम आहे की मध्यवर्ती भागातील कोणत्याही इमारतीचा माथा समुद्रसपाटीपासून 232.5 मीटरांच्या वर जाता कामा नये, म्हणजेच टेकडीपेक्षा उंच होता कामा नये. उंची येथे जमिनीपासून न मोजता समुद्रसपाटीपासून मोजली आहे, ही त्यातली खुबी आहे. जमिनीपासून मोजली असती तर चढावर उभी असलेली इमारत नियम पाळूनही टेकडीला मागे टाकू शकली असती. या नियमाचा परिणाम टेकडीवरून पाहतानाही होतो. ज्या वस्तूचा माथा आपल्या डोळ्यांच्या पातळीखाली असतो ती क्षितिजाला छेदत नाही, त्यामुळे माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला मनोऱ्यांच्या वरून नदी आणि पलीकडचे मैदान दिसत राहते. मनोऱ्यांनी नदीचा काही भाग झाकलेला असतोच, पण क्षितिज अखंड राहते.

हाँगकाँगमध्ये या दोन कामांचे अंतर सर्वांत ठसठशीत दिसते. 1976 च्या कायद्याने तेथे राखीव वनोद्याने निर्माण झाली, आणि आज तेथील सुमारे 40 टक्के भूभाग या उद्यानांखाली आहे. इतक्या दाटीच्या शहरात डोंगरांची एवढी जमीन सुरक्षित राहणे ही साधी गोष्ट नव्हे. तरीसुद्धा बंदराच्या एका काठावरून दुसऱ्या काठाकडे पाहताना डोंगर दिसेनासे होऊ लागले, कारण झाकणाऱ्या इमारती उद्यानांच्या हद्दीबाहेर, किनाऱ्यावरील भराव टाकलेल्या जमिनीवर उभ्या होत्या. म्हणून तेथील नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत वेगळी तरतूद आली: ठरवून दिलेल्या जागांवरून पाहताना डोंगररांगेच्या कड्याखालचा 20 टक्के पट्टा इमारतींपासून मोकळा दिसला पाहिजे. परंतु वनोद्यानांमागे कायदा आहे आणि या पट्ट्यामागे केवळ मार्गदर्शक तत्त्वे आहेत, शिवाय विशेष ठिकाणच्या ठळक इमारतींना सूट देण्याची सोयही त्यांत ठेवलेली आहे. व्हिक्टोरिया शिखराची उंची 552 मीटर असली, तरी त्याच्यासमोर किनाऱ्यावर उभा असलेला 412 मीटरांचा आयएफसी मनोरा समोरच्या काठावरून डोंगराची रेषा भेदून वर गेलेला दिसतो. मनोरा पाहणाऱ्याच्या अधिक जवळ आहे, एवढेच त्याचे कारण.

व्हँकूव्हरचा प्रकार आणखी चमत्कारिक आहे. शहरातून जे हिमाच्छादित डोंगर दिसतात ते शहराच्या हद्दीत नाहीतच, खाडीच्या पलीकडे आहेत. त्यामुळे टेकडी राखण्याचा अधिकारच नसलेल्या नगरपालिकेने 1989 पासून केवळ दृश्य राखण्याचे नियम केले आणि ठरावीक जागांवरून निघणाऱ्या दृश्यपट्ट्यांत इमारतींची उंची बांधून दिली. घरांची टंचाई वाढल्यावर 2024 साली यांपैकी काही पट्टे शिथिल करण्यात आले. यात टीका करण्याजोगे काय आणि समर्थनीय काय, यावर मतभेद असतील. पण असा निर्णय खुलेपणाने घ्यावा लागला, कारण दृश्याची नोंद कागदावर होती. जेथे अशी नोंद नसते तेथे दृश्य कोणी काढून घेत नाही, ते एके दिवशी नुसते नसते.

मुंबई आणि ठाणे याचे उदाहरण म्हणून डोळ्यांसमोर आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे 103 चौरस किलोमीटर आहे, वन्यजीव कायद्याचे त्याला संरक्षण आहे, आणि 2016 साली त्याच्याभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रही जाहीर झाले. जमीन राखण्याची यापेक्षा भक्कम तजवीज आपल्याकडे क्वचितच असते. पण बोरिवलीच्या किंवा घोडबंदर रस्त्याच्या बाजूला मनोऱ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला पूर्वी जी हिरवी भिंत दिसत असे तिचे तुकडे झाले. दृश्य नाहीसे झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. ते विसाव्या मजल्यावर गेले, आणि जाहिरातीत ‘हिल व्ह्यू’ म्हणून त्याची किंमत लागली. रस्त्यावर ते सर्वांचे होते, गॅलरीत ते घरमालकाचे झाले. उद्यानाची एक गुंठाही जमीन न जाता हे घडले, म्हणून उद्यान राखणाऱ्यांनी त्याबद्दल तक्रार तरी कोणाकडे करावी?

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर दृश्य राखणे म्हणजेच श्रेष्ठ काम, असा समज होईल. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या, अधूनमधून काटेरी झुडपे असलेल्या माळांच्या टेकड्या आहेत. त्यांवर अनेक ठिकाणी गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. पावसाळ्यात दुरून पाहिले तर टेकडी हिरवीगार दिसते, दृश्यात कोणतीही खोट नसते. पण गवताळ माळावर जगणाऱ्या पक्ष्यांना आणि किड्यांना त्या सावलीचा उपयोग नसतो. चार किलोमीटरांवरून एकाच जातीचे रान आणि शंभर जातींचे माळरान यांत भेद करता येत नाही. डोळ्याला सुखावणारी टेकडी आतून गरीब झालेली असू शकते, आणि जानेवारीत पिवळी, ओसाड वाटणारी टेकडी तब्येतीने ठणठणीत असू शकते. दृश्याचा नियम या बाबतीत पूर्ण आंधळा असतो. तेथे जैवविविधता उद्यानासारखी जमिनीवरची तरतूदच लागते.

आपल्याकडे दृश्य राखण्याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद पुरातत्त्व कायद्यात आहे. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरांपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी 200 मीटरांपर्यंत नियंत्रण, असे 2010 च्या दुरुस्तीपासून कायद्यातच लिहिलेले आहे. मात्र त्याने आखलेला आकार वर्तुळाचा आहे. स्मारकाच्या भोवती सर्व दिशांना सारखेच बंधन पडते, मग त्या दिशेने स्मारक कोणाला दिसत असो वा नसो, आणि 300 मीटरांपुढे दिसत असले तरी बंधन संपते. टेकडीला असे वर्तुळ लावून काही साधणार नाही, कारण वर केलेल्या हिशेबाप्रमाणे तिला झाकणारी इमारत तिच्यापासून तीन-साडेतीन किलोमीटरांवर, पाहणाऱ्याच्या उंबरठ्याशी असते.

म्हणून दृश्य राखायचे झाले तर आधी पाहण्याच्या जागा निवडाव्या लागतात, आणि त्या मोजक्याच असाव्या लागतात, कारण प्रत्येक गल्लीतून टेकडी दिसलीच पाहिजे असे म्हटले तर शहर बांधताच येणार नाही. ज्या जागेसमोरचा पहिला अर्धा किलोमीटर कायमचा मोकळा राहणार आहे, ती जागा सर्वांत स्वस्तात राखता येते. मोठे मैदान, तळ्याचा काठ आणि नदीवरचा पूल या तशा जागा होत. मुठेच्या पात्रात पूररेषेमुळे इमारती उभ्या राहू शकत नाहीत, तेव्हा पात्राच्या दिशेने टेकडी दिसत असेल तर पुलावरच्या माणसासाठी समोरची मोकळीक पाटबंधारे खात्याच्या नियमाने आधीच राखलेली असते. नगररचना खात्याला फक्त पात्र संपल्यानंतरच्या इमारतींची उंची ठरवायची उरते.