चार्जर प्लगवर चालवायचा की थेट वायरिंगला जोडायचा?

इलेक्ट्रिक कार बुक झाली की ग्राहक आधी विचारतात, "चार्जर किती किलोवॅटचा घेऊ?" आमचा उलटा प्रश्न असतो: गाडी रोज किती पळते? कोथरूडहून हिंजवडीला जाऊन-येऊन 35-40 किलोमीटर होतात. त्याला साधारण सहा युनिट लागतात. गाडीसोबत येणारा, 16 अँपिअरच्या थ्री-पिन सॉकेटवर चालणारा 3.3 किलोवॅटचा चार्जर तेवढं काम दोन तासांत करतो. रात्र त्याला पुरून उरते. शिवाय काही गाड्यांचा आतला चार्जरच 3.3 किलोवॅटचा असतो. तिथे भिंतीवर 7.4 चा बसवला तरी गाडी जास्त घेणार नाही.

मग प्लगच बरा? सोय म्हणून, हो. घर भाड्याचं असेल, वर्षा-दोन वर्षांत बदलायचं असेल, तर आम्हीही प्लगच सुचवतो. पण गीझर किंवा मिक्सरसाठी आधीपासून असलेलं सॉकेट वापरू नका. गीझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी पूर्ण भरायची असेल तर ती आठ-दहा तास सलग 14-15 अँपिअर ओढते. सॉकेटची पकड थोडी सैल झाली आणि सांध्यात 0.1 ओहमचा रोध आला, तरी तिथे वीस वॉट उष्णता तयार होते, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. तासाभराच्या चार्जिंगनंतर मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि प्लगच्या प्लास्टिकला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल किंवा फेजच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसत असेल, तर ते सॉकेट त्याच दिवशी बदला. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. गाडीसाठी स्वतंत्र 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगलं सॉकेट, एवढं किमान हवं.

पार्किंग स्वतःचं असेल आणि गाडी बरीच पळत असेल, तर 7.4 किलोवॅटचा चार्जर थेट वायरिंगला जोडून घ्या. तो सलग 32 अँपिअर घेतो. थ्री-पिन प्लग इथे बादच. थेट जोडणीत रोज काढ-घाल करायचा सांधा उरत नाही, हा तिचा खरा फायदा. पण टर्मिनलचा स्क्रू नीट आवळला नसेल तर तीही करपते. म्हणून वायरच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून बसवणं आणि स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच, आवळणं, हे आम्ही तुमच्यासमोर करतो.

सोसायट्यांमध्ये मुख्य खर्च चार्जरच्या जोडणीचा नसतो, केबलचा असतो. मीटर रूमपासून तुमचं पार्किंग 40 मीटरवर असेल, तर 6 स्क्वेअर एमएमच्या केबलमध्ये 32 अँपिअरला आठ-नऊ व्होल्ट वाटेतच जातात. 10 ची केबल टाकली तर पाचच्या आसपास. आम्ही 10 चीच सांगतो, महाग असली तरी.

निळं इंडस्ट्रियल सॉकेट हा मधला मार्ग आहे. 32 अँपिअरचं, झाकण असलेलं. चार्जर त्यावर चालतो आणि घर बदलताना काढून नेता येतो. वायरिंग मात्र थेट जोडणीइतकंच दमदार लागतं, त्यामुळे इथे पैसे वाचतील असं समजू नका.

आता अर्थिंग. जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतं असतं. चार्जर ते ओळखतो, लाल दिवा लावतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. मग कुणीतरी वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो. दिवा हिरवा होतो, सगळे खूश. पुढे कधी न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यावर थेट फेज येते. हे जीवघेणं आहे. असं काम आम्ही कितीही आग्रह झाला तरी करत नाही. अर्थपिट (अर्थिंगसाठी जमिनीत खड्डा) घ्यावा लागला तर घेतो आणि अर्थिंगच्या रोधाचं रीडिंग लिहून देतो.

घरातला आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बहुधा एसी टाइपचा, म्हणजे फक्त एसी करंटची गळती ओळखणारा, असतो. गाडीच्या चार्जिंगमध्ये गळतीत डीसी करंट मिसळला तर तो आंधळा होऊ शकतो, म्हणजे गळती असूनही वीज तोडत नाही. चार्जरमध्येच 6 मिलीअँपिअर डीसी ओळखण्याची सोय असेल तर 30 मिलीअँपिअरचा ए टाइप पुरतो, नसेल तर डीसी गळतीही ओळखणारा बी टाइप लागतो. बी टाइप महाग आहे. चार्जर घेण्याआधीच हे विचारून घ्या.

पार्किंग सखल असेल तर चार्जर आणि सॉकेट कमरेच्या वर बसवतो. 2024 च्या जुलैत सिंहगड रोडवर एकतानगरीच्या भागात पाणी कुठवर चढलं होतं, ते पुणेकरांना सांगायला नको.

बिलावरचा 'मंजूर भार' पाहा. दोन एसी, गीझर आणि वर 7.4 किलोवॅट असा हिशेब त्यात बसत नसेल, तर आधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा लागेल. सोसायटीच्या कमिटीलाही केबलचा मार्ग दाखवून लेखी परवानगी घ्या. काम अर्ध्यावर अडतं ते बहुतेक इथेच.

पाहणीला येण्याआधी आम्हाला एवढं पाठवा: ताज्या बिलाचा फोटो, मीटर आणि मेन स्विचचा फोटो, गाडीचं मॉडेल, आणि मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत साधारण किती पावलं होतात ते.