छाती थोपटली की बाळाचा कफ सुटतो? थोडं थांबा

पावसाळा आला की वॉर्डातून आमच्या फिजिओ टीमला एकच फोन, मॅडम, सहा महिन्यांचं बाळ आहे, छाती घरघरतेय, आजी म्हणतेय थोपटून कफ काढून द्या. टीमची हेड म्हणून मी नाही म्हणते तेव्हा लोकांना वाटतं आम्ही काम टाळतोय.

तर खुलासा असा की दोन वर्षांखालच्या बाळांना व्हायरसमुळे होणाऱ्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये, बहुतेकदा आरएसव्ही, बारीक श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात, आणि सूज काही थोपटून उतरत नाही, उलट बाळ रडतं, दमतं, कधी दूधही ओकतं. फ्रान्समध्ये तर बाळांना छातीची फिजिओ वर्षानुवर्षं सर्रास चालायची, पण तिथल्याच ट्रायलमध्ये बरं व्हायला लागणारा वेळ काही कमी झाला नाही, आणि अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या 2014 च्या गाइडलाइनमध्येही नको असंच लिहिलंय.

मग करायचं काय? नाकात सलाइनचे थेंब, थोडं थोडं दूध, लागला तर ऑक्सिजन. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, घाबरू नका. पण बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा बाळ नेहमीच्या निम्मंही दूध पीत नसेल तर लगेच हॉस्पिटल गाठा.

फिजिओ फालतू आहे असं नाही हं! एसएमए, म्हणजे स्नायू कमकुवत करणारा जनुकीय आजार असलेल्या मुलाला स्वतःहून जोरात खोकताच येत नाही, तिथे मास्क लावून कफ असिस्ट (म्हणजे खोकायला मदत करणाऱ्या) मशीनने हवा आत ढकलून झटकन ओढून घेतली की घट्ट कफ वर येतो. सिस्टिक फायब्रोसिसवाल्यांना, म्हणजे जन्मजात आजारामुळे ज्यांच्या फुप्फुसात घट्ट कफ साचत राहतो त्यांना, तर फिजिओ रोज लागते. आमची माणसं मी तिकडे पाठवते.