होड्यांच्या चित्रातला रंग वाळला कधी?

परवा ओळखीतल्या एकांनी मोबाइलवर एका तैलचित्राचा फोटो पाठवला. पाण्यात चार-पाच होड्या, दोन-दोन फटकाऱ्यांत उरकलेली शिडं, पाण्यावर जाड पांढऱ्या तिरीपा, कोपऱ्यात १९१२. सोबत एका ॲपचा निकाल : अमुक चित्रकार, शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर. आणि प्रश्न, ‘किती येतील?’ फोटोवरून फार तर शैली कळते, आणि नक्कल करणारा नेमकी शैलीच गिरवतो. त्या टक्क्यांची किंमत राशिभविष्याइतकीच.

पैसे किती येतील हे चित्रकाराचं नाव, मालकीची कागदपत्रं, चित्राची अवस्था आणि बाजार यांवर ठरतं. हे चित्र १९१२चं असू शकतं का, एवढंच प्रयोगशाळा तपासते. पण ‘नाही’ म्हणायची वेळ आली, तर ते ती ठणकावून म्हणते.

‘रंगाला तडे गेलेत, पार वाळलाय, म्हणजे जुनंच की!’ हा त्यांचा पुढचा मुद्दा. गल्लत इथेच होते. तैलरंग कपड्यासारखा वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल उडून जात नाही, उलट हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. सुरुवातीला तर रंगाच्या थराचं वजन चक्क वाढतं! या तेलात लिनोलेनिक आम्ल भरपूर असतं. त्याच्या कार्बन-साखळीत तीन दुहेरी बंध, आणि दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल. तो निघाला की तिथे मुक्त मूलक, म्हणजे जोडी शोधणारा चळवळ्या तुकडा, तयार होतो, त्याला ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्साइड बनतं, ते तुटून नवे मूलक, आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींत गुंफल्या जातात. द्रवाचं जाळं होतं. वरचा पापुद्रा काही दिवसांत धरतो, आतलं रसायन मात्र दशकानुदशकं चालू राहतं. कोवळं जाळं अल्कोहोलच्या बोळ्याने सुटतं, मुरलेलं सहसा दाद देत नाही. हान व्हान मेगेरेन या डच नकलाकाराने जुन्या डच चित्रांच्या नकला करताना ही परीक्षा चुकवायला तेलाऐवजी बेकलाइटच्या (एक कडक प्लास्टिक) जातीचं रेझिन वापरलं आणि चित्रं भट्टीत भाजली. तडेही पाडता येतात, हे ओघानं आलंच.

म्हणून पांढऱ्याकडे वळायचं. शिसं किंवा जस्त निघालं तर १९१२ला हरकत नाही. टायटॅनियम व्हाइटचं, म्हणजे टायटॅनियमपासूनच्या पांढऱ्या रंगाचं, व्यापारी उत्पादन मात्र १९१६च्या सुमाराला सुरू झालं. क्ष-किरणांचा झोत मारला की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत देतं. चित्राला ओरखडाही न काढता टायटॅनियम सापडतं. वोल्फगांग बेल्त्राकी या जर्मन नकलाकाराची लबाडी अशीच उघडी पडली. हाइनरिश काम्पेन्डोंक या चित्रकाराच्या नावावर, १९१४चं म्हणून खपवलेलं त्याचं घोड्यांचं चित्र २००६मध्ये २८ लाख युरोंच्या वर गेलं होतं. त्यात टायटॅनियम निघालं. २०११मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

यावर एक पळवाट असते : ‘नंतर कुणीतरी डागडुजी केली असेल.’ खरंच केलेली असू शकते. अशा वेळी मी पाण्यावरच्या तिरीपा भिंगाखाली धरायला सांगतो. कोरड्या निळ्यावर मागाहून लावलेला पांढरा वर बसतो, खालच्या तड्यांत उतरतो, त्याची कड स्वच्छ राहते. ओल्या निळ्यावर ओढलेला पांढरा खालचा निळा आपल्याबरोबर फरफटत नेतो आणि फटकाऱ्याच्या शेपटाशी दोन्ही रंगांच्या केसासारख्या रेघा एकमेकींत मिसळतात. पापुद्रा धरायला काही दिवसच लागतात, म्हणजे तो पांढरा त्याच दिवसांतला. त्या मिसळलेल्या शेपटातल्या पांढऱ्यातच टायटॅनियम निघालं, तर डागडुजीची सबब गेली आणि कोपऱ्यातलं १९१२ही गेलं.