बोलावलं जोडायला, कामी आलं तोडायला

सस्तन प्राण्याच्या पेशीत बाहेरून डीएनएचा तुकडा सोडला, तर पेशी तो बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी चिकटवून मोकळी होते. तुकडा आपल्या जुळ्या जनुकाच्या जागीच जाऊन बसणं, म्हणजे जीन टार्गेटिंग, हा अपवाद. १९८५ साली ऑलिव्हर स्मिथीज यांनी मानवी पेशींत बीटा-ग्लोबिन जनुकाच्या जागी डीएनए बसवून दाखवला, तेव्हा बाहेरचा डीएनए स्वीकारलेल्या साधारण हजार पेशींत एखादीच नेमकी निघाली. १९८७ मध्ये यूटा विद्यापीठात कर्क थॉमस आणि मारिओ कापेकी यांनी उंदराच्या भ्रूण मूलपेशींत एचपीआरटी नावाचं जनुक मोडलं. प्रमाण पुन्हा तेच, हजारात एक. संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेच्या परीक्षकांनी १९८० मध्येच कापेकींना हा नाद सोडायला सांगितलं होतं. त्यांनी इतर कामांसाठी मिळालेला पैसा सरळ इकडे वळवला. (आपल्याकडे ऑडिटवाल्यांनी एवढ्यावरच धरलं असतं.) चार वर्षांनी त्याच संस्थेचे परीक्षक म्हणाले, बरं झालं आमचं ऐकलं नाहीत.

बाहेरचा डीएनए स्वीकारलेल्या त्या हजार पेशी वेगळ्या काढायला जिवाणू उपयोगी पडला. जी४१८ नावाचं औषध सस्तन पेशी मारतं. जिवाणूंकडून घेतलेलं निओ जनुक आत गेलं, की त्याचं प्रथिन ते औषध निकामी करतं आणि पेशी तगते. पण ही झाली निवड. हजारात एकाचे दहा करायचे कसे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्यावर सुचलेला उपाय ऐकायला अगदी बिनतोड होता. ई. कोलाय या जिवाणूत जुळा डीएनए शोधून अदलाबदल करायचं काम रेकए नावाचं प्रथिन करतं. बर्कली इथे जॉन क्लार्क आणि अॅन डी मार्गुलीज यांनी १९६५ मध्ये डीएनएची अदलाबदल न जमणारे जिवाणू वेगळे काढले, तिथून त्याचा माग लागला. रेकएचे रेणू एकेरी डीएनएभोवती मळसूत्रासारखे गुंडाळले जातात, दर रेणूमागे तीन अक्षरं, आणि तो धागा जवळजवळ दीडपट ताणतात. मग हा ताणलेला धागा दुहेरी डीएनए चाचपत आपलं जुळं शोधतो आणि सापडलं की आत शिरतो. असं तयार शोधयंत्र हाताशी असताना ते उंदराच्या पेशीत का नेऊ नये?

नेलं. जिवाणूला केंद्रक नसतं, त्यामुळे त्याच्या प्रथिनाला केंद्रकाचं दार माहीत नसतं. म्हणून एका विषाणूच्या प्रथिनातली सात अमिनो आम्लांची चिठ्ठी त्याला जोडतात. ती दाखवली की आत प्रवेश. आजही जिवाणूचं प्रथिन केंद्रकात धाडायचं तर बहुतेक वेळा अशी चिठ्ठी जोडतात. १९९६ मध्ये तंबाखूच्या पेशींत रेकएने गुणसूत्रातल्या गुणसूत्रात होणारं पुनर्संयोजन, म्हणजे जुळ्या डीएनएची अदलाबदल, वाढवलं, तेव्हा आशा पालवल्या. २००० मध्ये उंदराच्या पेशींतही वाढ दिसल्याचं प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी तंबाखूवाल्या गटाने मात्र प्रांजळपणे लिहिलं, की रेकएमुळे डीएनएची दुरुस्ती सुधारते, जीन टार्गेटिंग नाही.

माझ्या मते घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच जागी. सस्तन पेशीकडे रेकएचा भाऊबंद असलेलं रॅड५१ हे प्रथिन आधीपासून होतंच. शोधणारा कमी नव्हता, शोध सुरू व्हायला कारण नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये मारिया जेसिन यांच्या गटाने १९९४ मध्ये उंदराच्या गुणसूत्रात ठरावीक जागी दोन्ही धागे तोडले आणि तिथलं पुनर्संयोजन शंभराच्या पटीत वाढलं. त्यांची कात्री, म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम, यीस्टची होती, आणि तिला लागणारी खूण जनुकात आधी पेरून ठेवावी लागे. आता हवी होती पाहिजे तिथे लावता येणारी कात्री.

ती जिवाणूंकडेच मिळाली. फॉकआय हे जिवाणूचं एन्झाइम एका जागी बसतं आणि तिथून ९ ते १३ अक्षरं पुढे कापतं, म्हणजे बसायचा भाग वेगळा, कापायचा वेगळा. जॉन्स हॉपकिन्समधल्या श्रीनिवासन चंद्रसेगरन यांनी कापायचा भाग काढून झिंक फिंगरला, म्हणजे डीएनएची ठरावीक अक्षरं धरणाऱ्या प्रथिनाला, जोडला, ते साल १९९६. मग आलं झँथोमोनास, पिकांना रोग लावणारा जिवाणू. सांगोला-आटपाडीकडच्या डाळिंबवाल्यांना हे गणगोत चांगलंच माहीत आहे. फळावर आधी तेलकट डाग, मग तडे, तोच तेल्या. त्याच्या डीएनए धरणाऱ्या टेल प्रथिनांची लिपी उलगडली ती मात्र मिरची आणि भातावरच्या झँथोमोनासमुळे. साधारण ३४ अमिनो आम्लांचा एक मणी, त्यातल्या १२व्या आणि १३व्या जागेवरून ठरतं की डीएनएचं कुठलं अक्षर धरायचं. २००९ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत हे स्वतंत्रपणे कळलं. नवी जागा म्हणजे मण्यांची नवी माळ, आणि माळ ओवणं कटकटीचं. २०१३ पासून कॅस९ने ती कटकटही संपवली. घसा सुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसचं हे प्रथिन आरएनएच्या सांगण्यावरून जागा शोधतं आणि तिथे कापतं.

पण तुटलेलं टोक पेशी बऱ्याचदा घाईघाईत कसंतरी जोडून टाकते. दोन-चार अक्षरं गळतात, दोन-चार घुसतात, आणि हजारो अक्षरांचा नवा तुकडा बसवायचा बेत फसतो. म्हणून गाडी पुन्हा जोडणाऱ्यांकडे वळली. मानवी पेशींतल्या कॅस९च्या २०१३च्या पहिल्या शोधनिबंधांपैकी एकाचे प्रथम लेखक ले काँग यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने ई. कोलायचं रेकटी कॅस९च्या जागेवर आणून बांधलं. हे प्रथिन दोन एकेरी धाग्यांची जुळणी करतं. २०२१ मध्ये तुकडा बसण्याचं प्रमाण सुधारल्याचं त्यांनी दाखवलं, आणि २०२२ मध्ये तर कॅस९ची धार काढून टाकली. आता ते नुसतं जागा धरून बसतं, न कापता, आणि बसवायचं काम जोडणारं प्रथिन करतं.