दुखऱ्या सांध्यांना किती ऊब पुरते?

शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअस असलं तरी आराम करत असलेल्या गुडघ्याच्या आत ते ३२-३३ अंशांच्या आसपासच असतं. गुडघ्याभोवती मांसाचा जाड थर नाही आणि सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्याही नाहीत. हाताच्या बोटांचे सांधे तर त्याहून उघडे. सांध्यात वंगणासारखा जो द्रव असतो, तो गार झाला की घट्ट होतो आणि ऊब मिळाली की पातळ. सकाळी मूठ वळत नाही, कणीक मळताना बोटं साथ देत नाहीत, पण गरम पाण्यात भांडी विसळली की हात मोकळे होतात, हे अनेक घरांतल्या बायका सांगतात. त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

मात्र बाहेरून दिलेली ऊब फार खोल जात नाही. त्वचेखाली एक-दोन सेंटिमीटर गेली की वाहतं रक्त ती पुढे घेऊन जातं. बोटांचा सांधा त्वचेखाली काही मिलिमीटरवरच असतो, त्यामुळे हात कोमट पाण्यात बुडवले तर ऊब थेट सांध्यापर्यंत पोचते. गुडघ्यापर्यंत थोडीफार पोचते. खुब्याचा सांधा इतका आत असतो की तिथे ती पोचतच नाही. तरीही कमरेवर आणि मांडीवर गरम पाणी घेतलं की खुबा दुखणाऱ्या माणसाला बरं वाटतं, कारण दुखऱ्या सांध्याला जपण्यासाठी आवळून धरलेले स्नायू सैल पडतात. दुखण्यात या आवळलेल्या स्नायूंचाही वाटा असतो.

उरलेलं काम मज्जातंतू करतात. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातात, मज्जारज्जूत जणू एक दार असतं आणि स्पर्शाच्या संदेशांची गर्दी झाली की वेदनेसाठी ते काहीसं बंद होतं, अशी कल्पना रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडली. तिच्या तपशिलात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, पण गाभा टिकला. पाण्याचा स्पर्श आणि ऊब हातभर त्वचेवरून एकदम मज्जारज्जूत पोचतात आणि दुखणं मागे पडतं.

इथेच ‘सोसेल तितकं गरम’ हा आपल्याकडचा हट्ट आड येतो. डेव्हिड ज्यूलियस या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने १९९७ साली टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन शोधलं आणि या संशोधनासाठी २०२१चं नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासह मिळालं. मज्जातंतूंच्या टोकांवरचं हे प्रथिन साधारण ४३ अंशांना उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा संदेश जातो. म्हणजे त्याच्या वर गेलेलं पाणी वेदना शमवण्याऐवजी नवी वेदना जागी करतं. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच प्रथिन उघडतं, म्हणून मिरचीही ‘गरम’ लागते. दुखण्यावरच्या काही मलमांत कॅप्सेसिन असतं. असं मलम चोळून त्यावर गरम पाणी घेतलं तर एरवी सुखाचं वाटणारं पाणीही पोळतं. मलम लावलेलं असेल तर शेक नंतर कधीतरी घ्यावा.

तेव्हा ३७ ते ४० अंश पुरे. घरात थर्मामीटर नसला तरी हिशेब सोपा आहे. नळाचं पाणी २५ अंशांचं असेल तर चार तांबे गार पाण्यात एक तांब्या उकळतं पाणी मिसळलं की मिश्रण ४० अंशांच्या जवळ येतं. थंडीत नळाचं पाणी २० अंशांवर उतरलं की तीनास एक. भांडं थोडी ऊब खातं, त्यामुळे प्रत्यक्षात एखाद-दोन अंश कमीच भरतं, आणि ते चांगलंच. गार पाणी आधी घ्यावं, उकळतं मागून. मधे पाणी निवलं आणि आणखी गरम घालायचं असेल तर हातपाय आधी बाहेर काढावेत. गीझरच्या पाण्यावर भरवसा ठेवू नये. कित्येक गीझर ६० अंशांपर्यंत पाणी तापवतात आणि तेवढ्या पाण्याने काही सेकंदांत खोल भाजतं.

वेळ पंधरा-वीस मिनिटं. हातांना परात चालते, घोट्यांना बादली. गुडघा बादलीत बुडत नाही, म्हणून पंचा कोमट पाण्यात पिळून गुडघ्याभोवती गुंडाळावा, वरून कोरडा टॉवेल घ्यावा आणि चार-पाच मिनिटांनी पंचा पुन्हा भिजवावा. गुडघे दुखणाऱ्यांनी पाटावर बसून अंघोळ करण्याचा आग्रह सोडावा. न घसरणारं स्टूल घ्यावं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट यानंतरची आहे, आणि नेमकी तीच राहून जाते. ऊब कूर्चेची झीज भरून काढत नाही. ती थोडा वेळ हालचाल सोपी करते, आणि तो वेळ वापरायचा असतो. परातीत हात असतानाच मूठ सावकाश वळावी, उघडावी, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावावा, स्पंज दाबावा. बादलीत घोटे गोल फिरवावेत. गुडघा शेकून झाला की खुर्चीत बसून पाय सरळ करावा, मांडी आवळून पाच सेकंद धरावा आणि खाली घ्यावा. मांडीचा स्नायू जितका बळकट, तितका गुडघ्यावरचा भार हलका. पाण्यातल्या व्यायामांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१६ साली आढावा घेतला. त्यात १३ चाचण्या होत्या आणि गुडघे किंवा खुबे झिजलेले ११९० जण. वेदना शंभराच्या मापावर सुमारे पाच गुणांनी उतरली. फरक लहान आहे, आणि ते व्यायाम तलावातले होते. छातीपर्यंतच्या पाण्यात सांध्यांवरचं वजन निम्म्याहून बरंच कमी होतं. बादलीत तो लाभ मिळत नाही, म्हणून घरच्या शेकाकडून अपेक्षाही तेवढ्याच ठेवाव्यात.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर किंवा संगमेश्वराकडच्या तुरळ-राजवाडीला सांधे धरलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. तिथे पाण्यातल्या गंधकाला श्रेय दिलं जातं. अलीकडे घरातल्या बादलीसाठी एप्सम सॉल्ट या मॅग्नेशियमच्या क्षाराची पाकिटं खपतात. त्यातलं मॅग्नेशियम कातडीतून आत शिरून सांधे बरे करतं याला भक्कम पुरावा नाही. पैसे वाचवावेत, गुण पाण्याच्या उबेचाच आहे.

मधुमेह असलेल्यांबद्दल मात्र मला खरी काळजी वाटते. मधुमेहात पुष्कळांच्या पायांच्या नसा बधिर होतात आणि पाणी पोळतंय हे पायाला कळतच नाही. फोड येतात, जखम चिघळते, कधी बोट गमवावं लागतं. पायांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर पाय गरम पाण्यात घालूच नयेत. फक्त साखर आहे, बधिरपणा नाही, अशा माणसासाठीही पाण्यात कोपर घालून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी अंदाज घ्यावा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उठताना सावकाश उठावं. उबेने रक्तवाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो आणि ओल्या फरशीवर तोल जातो.

सांधा लाल, सुजलेला आणि हाताला गरम लागत असेल तर शेक देऊ नये. गाऊटचा (सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचण्याचा) झटका किंवा जंतुसंसर्ग असू शकतो, आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटत असेल तर बहुधा झीज असते. तो तासाहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांची बोटं सुजत असतील आणि असं काही आठवडे चाललं असेल, तर आमवाताची (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) तपासणी करून घ्यावी. त्याची औषधं पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर सांध्यांचं नुकसान बऱ्याच अंशी रोखता येतं, आणि ते महिने शेकण्यात घालवण्यासारखे नाहीत.