चौदा अक्षरांचा पासवर्ड, सात अक्षरांची सुरक्षा

विंडोजच्या कॉम्प्युटरवर नवीन फोल्डर उघडा आणि त्याला इंग्रजीत ‘कॉन’, म्हणजे सी-ओ-एन, असं नाव द्यायचा प्रयत्न करा. जमणार नाही. या फोल्डरबद्दल एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. हे गूढ खुद्द मायक्रोसॉफ्टलाही उलगडलेलं नाही, असं त्यात लिहिलेलं असतं आणि भलीभली शिकलेली माणसं ते पुढे पाठवतात. यात गूढ काहीच नाही. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता आणि ‘कॉन’ हे कन्सोलचं, म्हणजे कीबोर्ड-स्क्रीनच्या जोडीचं, राखीव नाव होतं. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. आधी लिहिलेल्या प्रोग्रामांना फोल्डर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. ते कुठल्याही फोल्डरमधून चालवले तरी त्यांना ‘कॉन’ सापडायलाच हवं होतं, म्हणून ते नाव प्रत्येक फोल्डरमध्ये राखून ठेवलं गेलं. ते आजतागायत राखलेलंच आहे.

जुनं मोडायचं नाही, या दिलेल्या शब्दाला कंपॅटिबिलिटी म्हणतात. हा शब्द पाळताना काय होतं ते याच ‘कॉन’ने २००० साली दाखवलं. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ‘कॉन’च्या आत ‘कॉन’ असा पत्ता उघडायला सांगितलं की सगळी सिस्टीम कोसळायची. एखाद्या वेबपेजमध्ये चित्राचा पत्ता म्हणून तेवढंच लिहिलं तरी पुरायचं. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी खास दुरुस्ती काढावी लागली.

हे आठवायचं कारण म्हणजे विंडोज १०. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुना वाद नव्याने पेटला. चांगलं चालणारं मशीन कंपनी मुद्दाम बाद करतेय, असं एकजण म्हणतो. सुरक्षेसाठी ते करावंच लागतं, असं दुसरा म्हणतो. आणि तिसरा दोघांना सांगतो, विंडोजऐवजी लिनक्स टाका, त्याला व्हायरस लागत नाही. तिघेही सुरक्षा, कंपॅटिबिलिटी आणि कंपनीवरचा विश्वास या तीन वेगवेगळ्या गोष्टी असल्यासारखे बोलतात. मला त्या कधी वेगळ्या करता आल्या नाहीत, आणि त्याला एक जुना हॅश कारणीभूत आहे. त्याची गोष्ट मला मनापासून आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कुठलीही शहाणी सिस्टीम तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. ती त्याचा हॅश साठवते. हॅश म्हणजे एकेरी रस्ता: पासवर्डवरून हॅश काढणं सोपं, हॅशवरून पासवर्ड काढणं अशक्यप्राय. तुम्ही पासवर्ड टाइप केलात की सिस्टीम पुन्हा हॅश काढते आणि साठवलेल्याशी ताडून पाहते. चोराच्या हाती हॅशची फाइल लागली, तर त्याला एकच मार्ग उरतो. शक्य तेवढे पासवर्ड घ्यायचे, प्रत्येकाचा हॅश काढायचा आणि जुळतोय का बघायचं. म्हणजे सगळी सुरक्षा ‘शक्य तेवढे’ किती, या आकड्यावर उभी असते.

१९८७ साली मायक्रोसॉफ्टची लॅन मॅनेजर नावाची नेटवर्कची प्रणाली आली. तिच्यात पासवर्डची कमाल लांबी होती १४ अक्षरं आणि हॅश करण्याची रीत अशी: पासवर्डातली सगळी अक्षरं आधी कॅपिटल करायची. पासवर्ड १४ पेक्षा लहान असेल तर उरलेल्या जागा शून्यांनी भरायच्या. मग त्या चौदाचे सात-सातचे दोन तुकडे करायचे. सातच का? त्या काळची प्रमाण कूटपद्धत होती डीईएस आणि तिची किल्ली ५६ बिटांची. एका अक्षराला ८ बिट, म्हणून सात अक्षरांची बरोबर एक किल्ली होते. अशा दोन किल्ल्या बनवायच्या आणि दोन्हींनी एकच ठरलेला मजकूर कुलूपबंद करायचा. तो मजकूर जगभर सारखा होता: के, जी, एस ही अक्षरं आणि पुढे शिफ्ट दाबून १ ते ५ या कळा दाबल्यावर उमटणारी पाच चिन्हं. दोन्ही निकाल एकापुढे एक ठेवले की झाला हॅश.

आता चोराच्या जागी बसून हिशेब करू. इंग्रजी कीबोर्डवरून उमटणारी चिन्हं ९५. चौदा जागांसाठी ९५ चा चौदावा घात इतके पासवर्ड शक्य आहेत. सेकंदाला १,००० कोटी पासवर्ड तपासता येतात असं धरा. असल्या जुन्या हॅशच्या बाबतीत आजचं चांगलं ग्राफिक्स कार्ड याहून वेगाने जातं. तरी सगळे तपासायला सुमारे १,५५० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे. चोराने नाद सोडून द्यावा असा हा आकडा.

पण आपण अक्षरं कॅपिटल केली, त्यामुळे ९५ पैकी २६ चिन्हं बाद झाली, उरली ६९. आणि आपण चौदाचे दोन तुकडे केले. खरा घात इथे झाला, कारण ते तुकडे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र आहेत. चोराला चौदा अक्षरं एकदम ओळखायचीच नाहीत. त्याला सात ओळखायची आहेत, आणि मग दुसरी सात. ६९ चा सातवा घात म्हणजे साधारण साडेसात लाख कोटी. मघाच्याच वेगाने त्याला साडेबारा मिनिटंही लागत नाहीत. दुसऱ्या तुकड्यासाठी वेगळा वेळसुद्धा लागत नाही, कारण ठरलेला मजकूर एकच असल्याने काढलेला प्रत्येक हॅश दोन्ही तुकड्यांशी एकाच फेरीत ताडता येतो. विश्वाच्या वयावरून आपण साडेबारा मिनिटांवर आलो, आणि वापरणाऱ्याने पासवर्ड निवडताना काहीही चूक केलेली नाही.

याहून वाईट भाग पुढे आहे. हॅश करताना प्रत्येक खात्यासाठी काहीतरी वेगळं मिसळायचं असतं, त्याला सॉल्ट म्हणतात. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे येतात. लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सवाल्यांनी हे १९७० च्या दशकातच केलं होतं. लॅन मॅनेजरमध्ये सॉल्ट नाही. म्हणजे हॅश एकदाच काढून त्यांची कोष्टकं करून ठेवायची आणि जगातल्या कुठल्याही मशीनवर वापरायची. २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ईपीएफएल या संस्थेचे फिलिप ओशलँ यांनी ही कोष्टकं फार चतुराईने आटोपशीर केली. १.४ जीबीच्या कोष्टकावरून फक्त अक्षरं आणि अंक असलेले विंडोजचे ९९.९ टक्के पासवर्ड सरासरी १३.६ सेकंदांत उलगडतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

हे मी वाचलं होतं, पण विश्वास बसला तो स्वतः करून पाहिल्यावर. माझ्याकडे विंडोज एक्सपी असलेला जुना लॅपटॉप पडून होता. त्यावर मी एक खातं केलं आणि पासवर्ड दिला इंग्रजीतलं ‘माउंटन’, पुढे २४. आठ अक्षरं आणि दोन अंक, एकूण दहा. हॅश उलगडणारा प्रोग्राम चालवला. त्याच्या तक्त्यात पहिल्या तुकड्याचा एक रकाना असतो, दुसऱ्याचा एक आणि शेवटी पूर्ण पासवर्डाचा. आधी भरला दुसरा रकाना: एन, २, ४. तीनच चिन्हं, म्हणजे शक्यता जेमतेम ३,२८,५०९. त्या तर निमिषात संपल्या. पहिला रकाना अजून रिकामाच होता आणि मला पासवर्डाची शेपटी दिसत होती. शेवट ‘एन २४’ असलेला दहा अक्षरी शब्द कोणता, हे शब्दकोडी सोडवणाऱ्यालाही सुचलं असतं. थोड्या वेळाने पहिला रकाना भरला. मी चहा-पाण्याला उठलोही नव्हतो.

आता कोणी म्हणेल, एक्सपी २००१ सालचं आणि १९८७ चा हॅश तिथे कसा? एक्सपीचा पूर्वज असलेल्या विंडोज एनटीमध्ये १९९३ पासूनच नवा, बराच चांगला हॅश होता. तो कॅपिटल-स्मॉल भेद ओळखायचा आणि तुकडे करत नसे. पण ऑफिसच्या नेटवर्कवर त्याच्याशेजारी विंडोज ९५, ९८ ची मशीन होती आणि त्यांना फक्त जुनीच भाषा यायची. म्हणून सिस्टीम दोन्ही हॅश साठवायची, एकाशेजारी एक. भक्कम दाराशेजारी, तेच घर उघडणारं फळकुटाचं दार. नवा हॅश जवळपास निरुपयोगी झाला: जुन्यावरून कॅपिटल अक्षरं मिळाली की फक्त कोणतं मोठं, कोणतं छोटं एवढंच ठरवायचं राहतं. माझ्या पासवर्डात आठ अक्षरं होती, म्हणजे २५६ शक्यता. नवा हॅश इथे चोराला उत्तर बरोबर आहे की नाही एवढं तपासून देण्याच्या कामाचा राहतो.

१९९७ पर्यंत हे उघडपणे दाखवणारं लॉफ्टक्रॅक हे साधन लोकांच्या हातात होतं. जुना हॅश आपोआप साठवणं बंद झालं विंडोज व्हिस्टामध्ये, २००७ साली. मधली दहा वर्षं कोणाच्या बाजूने मोजायची? कंपनीने मागचं दार मुद्दाम ठेवलं, असं मला वाटत नाही. तिने शब्द पाळला होता. ज्याने जुनी मशीन विकत घेतली त्याचं काम अडू दिलं नाही, आणि म्हणूनच लोक तिच्यावर विसंबून राहिले. माझी तक्रार वेगळी आहे. पासवर्ड १५ अक्षरांचा किंवा त्याहून लांब असेल तर हा जुना हॅश साठवलाच जात नसे. हे एक वाक्य पासवर्ड बदलायच्या खिडकीत लिहिलं असतं, तर लाखो लोकांनी एक अक्षर वाढवलं असतं. ते लिहिलं नाही. जोखीम ग्राहकाच्या खात्यावर आणि माहिती कंपनीच्या कागदपत्रांत, ही वाटणी मला मान्य नाही.

लिनक्सच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही इथे फार खूश होऊ नये. युनिक्सची पारंपरिक पासवर्ड पद्धत सॉल्ट वापरायची खरी, पण पहिल्या आठ अक्षरांपुढचं सगळं सोडून द्यायची. नववं अक्षर काहीही टाइप करा, दार उघडायचं. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सगळ्यांना उघडा असतो म्हणून भोकं आपोआप दिसतात, हाही भाबडेपणाच. २९ मार्च २०२४ ला लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात पेरलेलं मागचं दार उघडकीला आलं, ते आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. ते मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करतात, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि अपडेट टाळणाऱ्यांचं काय? फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या व्हायरसबद्दल लोक अजून म्हणतात की तो एक्सपीमुळे पसरला. तो १२ मे २०१७ ला सुटला आणि बळी पडलेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती, ज्यासाठी दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती. मध्ये ५९ दिवस होते. भोक होतं एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीत, १९८० च्या दशकातून चालत आलेल्या फाइल वाटपाच्या पद्धतीत. तीही जुन्या प्रिंटर-स्कॅनरांसाठी चालू ठेवली होती. ज्यांनी दुरुस्ती लावली नव्हती, त्यांतल्या अनेकांना अपडेटनंतर आपलं रोजचं सॉफ्टवेअर बंद पडेल ही धास्ती असते, आणि ती धास्ती मागच्या अपडेटांनीच शिकवलेली असते. सुरक्षेच्या दुरुस्तीबरोबर नको असलेलं नवं फीचर आणि नवी जाहिरात गळ्यात मारली, की पुढच्या वेळी माणूस दुरुस्तीही पुढे ढकलतो. म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या पुड्यांत द्याव्यात, याबाबत मी हट्टी आहे.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप हवी, यावरही लोक चिडलेत. किल्ल्या हार्ड डिस्कवर ठेवण्यापेक्षा वेगळ्या चिपमध्ये कोंडणं तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे. लॅन मॅनेजरची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला, कंपनी अखेर जुनं तोडायला शिकली याचा आनंदच वाटेल. मलाही वाटला. फक्त या वेळी शब्द मोडण्याची किंमत धडधाकट मशीनच्या मालकाने नवं मशीन घेऊन मोजायची आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं होतं.

शेवटी त्या सातच्या तुकड्यांचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण व्हिस्टाबरोबर ते संपले नाहीत. नेटवर्कवरून ओळख पटवण्याच्या विंडोजच्या एनटीएलएम या पद्धतीची पहिली आवृत्ती नव्या, चांगल्या हॅशवर काम करायची. तो हॅश १६ बाइटांचा (बाइट म्हणजे ८ बिट). त्याला शून्यं जोडून २१ बाइट करायचे आणि सात-सातच्या तीन डीईएस किल्ल्या बनवायच्या. १६ मधून सात आणि सात गेले की तिसऱ्या किल्लीत खरे बाइट उरतात दोन, म्हणजे शक्यता ६५,५३६. माझ्या लॅपटॉपवर आधी शेपटी दिसली होती, तसंच इथेही शेपटी आधी हाती लागते. ही आवृत्ती विंडोज ११ मधून काढली गेली २४एच२ या अपडेटमध्ये, २०२४ साली. लॅन मॅनेजर आल्यापासून ३७ वर्षांनी.