शिवसागरच्या काठानं ट्रेकची वाट म्हटलं की गावं का बिथरतात, थोडी पार्श्वभूमी

कोयनेच्या बॅकवॉटरला, म्हणजे बामणोली, तापोळा, शेंबडी या पट्ट्यात काठाकाठानं ट्रेकिंगची सरकारी वाट करायचा विषय कुणी काढला की शहरातल्या ट्रेकर मंडळींना पटकन वाटतं की अरे नुसती पायवाट तर आहे, रिसॉर्ट नाही, धरण नाही, मग गावकऱ्यांचा विरोध कशाला. गावकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होण्याआधी मागची साठ-सत्तर वर्षं बघायला पाहिजेत.

सुरुवात अर्थातच धरणापासून. 1954 च्या सुमारास काम सुरू झालं, 1962 ला पोफळीला वीज तयार व्हायला लागली, आणि 105 टीएमसीचा (अब्ज घनफुटाचा) शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पार तापोळ्यापर्यंत पसरला. नदीकाठची भातखाचरं, म्हणजे जमिनीतलं सोनंच, सगळी पाण्याखाली. जमीन घेतली ती 1894 च्या इंग्रजी कायद्यानं, ज्यात पैसे देण्याची सोय होती पण माणूस पुढं राहणार कुठं याचा पत्ता नव्हता, आणि महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा आला 1976 ला, तोवर कोयनेवाल्यांची एक पिढी हेलपाटे घालून थकली होती. कुणी ठाणे-रायगडला गेलं, कुणी सोलापूरकडं, आणि बरेच जण नुसते डोंगरात वर सरकले. त्यात 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप, म्हणजे नवी उभी केलेली घरं पण गेली. धरणग्रस्तांच्या संकलनाचं, म्हणजे कोण धरणग्रस्त आणि त्याचं किती देणं बाकी या यादीचं, आणि जमीनवाटपाचं भांडण अजून चालू आहे, 2018 ला कोयनानगरला लोक हजारोंनी ठिय्या देऊन बसले होते ते याच्यासाठीच.

एप्रिल-मे मध्ये पाणी उतरलं की काठावर जाऊन बघा. जुन्या घरांची जोती, बांधाचे दगड, देवळाचा चौथरा असं सगळं गाळातून वर येतं, आणि म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात की ते आमचं, त्याच्या पलीकडं भावकीचं. उघडी पडलेली ही जमीन सरकारी आहे, पण तिथं गुरं चरतात, कुठं गाळपेर, म्हणजे उतरलेल्या पाण्याच्या गाळात पेरणी, होते. आता काठानं वाट म्हणजे ती नेमकी याच पट्ट्यातून जाणार ना, नाहीतर मग वर उरलेल्या खाजगी रानातून, तिसरी जागाच नाही.

दुसरी रेघ ओढली गेली 1985 ला. कोयना अभयारण्य, साधारण 423 चौरस किलोमीटर. पाण्यानं वर ढकललेली माणसं ज्या जंगलाच्या आधारानं राहिली होती तेच जंगल आता राखीव, त्यामुळं लाकूडफाटा, मध, हिरडा, चराई सगळ्याला परवानगी काढायला लागते. मग 2010 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, चांदोली आणि कोयना मिळून, आणि कोअर (आतला कडक राखीव भाग) आणि बफर (त्याच्या भोवतीचा पट्टा) हे शब्द घराघरात पोचले. आतल्या काही वाड्यांना दुसऱ्यांदा उठायला लागलं. एकदा धरणासाठी, एकदा वाघासाठी.

जंगलातल्या वासोटा किल्ल्याचं उदाहरण तर सगळ्यांनी बघितलंय. बामणोलीतून लाँचनं पलीकडं जायचं, वनखात्याच्या चौकीवर पास, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून नोंद, संध्याकाळच्या आत परत, पावसाळ्यात बंद. जंगलासाठी हे नियम चांगलेच आहेत, माझं त्याला दुमत नाही. पण ज्याचा आजोबा त्याच वाटेनं कोकणात उतरायचा त्याला तिथं पर्यटकासारखं फॉर्म भरायला लागतं, हे पण खरं. म्हणून 'वाट सार्वजनिक होणार' हे वाक्य गावात वेगळं ऐकू येतं. वाट तर आजपण सार्वजनिकच आहे हो, तिच्यावर बोर्ड लागला की गेट येतं, गेट आलं की वेळ येते आणि मग गुरं घेऊन जाणाऱ्याला विचारतात कुठं चाललास.

जवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर थोडं वेगळं घडलं. 2012 ला जागतिक वारसा यादीत नाव आलं, गर्दी फुटली, आसपासच्या गावांच्या वनसमित्या तिकीट-पार्किंग बघायला लागल्या, चार पोरांना सीझनला काम मिळालं. पण पठाराला जाळी मारली त्यावरनं वाद झालाच, चराई थांबली तर फुलांचं पण नुकसान असं म्हणणारे होते, आणि शेवटी जाळी काढायला लागली. फायदा दिसला तर गाव साथ देतं, हे मात्र कासनं दाखवलं.

आता अलीकडचं म्हणजे नवीन महाबळेश्वर, या भागात नवं गिरिस्थान करायचा सरकारी प्रकल्प. रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण केलं, आधी 235 गावं, नंतर आणखी वाढली. तेव्हापासून काठावरच्या जमिनीला भाव आलाय आणि बाहेरचे खरेदीदार पण आलेत, त्यामुळं साधी पायवाट मोजायला कुणी टेप घेऊन आला तरी लोकांना प्लॉटिंगच दिसतं.

विरोध करणारे सगळे धुतल्या तांदळाचे आहेत असं पण नाही बरं का. काहींचा धंदा लाँचवर आहे, काठानं चालत माणसं जायला लागली तर फेऱ्या कमी होणार. काहींनी स्वतःच जमिनी विकल्यात आणि आता 'आमचा डोंगर' म्हणून बोलतात. पण बाकीच्यांचे प्रश्न अगदी साधे आहेत. वाट कुठल्या गटातून जाणार, सातबाऱ्यावर त्याची नोंद पडणार का, 2006 च्या वनहक्क कायद्यातले सामूहिक दावे आधी निकालात काढणार का, पावसाळ्यात कुणी ओढ्यात अडकला तर शोधायला कोण जाणार, कारण आज ते काम गावातली पोरंच करतात. तिकिटाचे पैसे समितीला का खात्याला, हे पण विचारतात. याची उत्तरं ग्रामसभेत लेखी द्या, मग मोजणीला या, असं त्यांचं म्हणणं आहे.